रात्रीचे अकरा वाजले तरी टक्क जागं : एडीएचडी असलेल्या मुलाच्या झोपेची घडी कशी बसवायची

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचं, निदान झालं की घरात पहिली चर्चा शाळेची होते. वही अर्धवट, डबा तसाच परत, बाईंचा फोन. रात्रीचं मात्र डॉक्टरांना कुणी सांगत नाही. मूल झोपत नाही हे दुखणं वाटतच नाही. लाडावलंय, वळण नाही, एवढंच वाटतं. आणि तसं बोलून दाखवायला आपल्याकडे माणसांची वाण नाही. शेजारची काकी बोलते, मे महिन्यात आलेली मुंबईची आत्या बोलते, आजोबा तर रोजच बोलतात, "आम्ही कंदील मालवला की झोपायचो." झोपतही असतील. त्यांच्या घरात वीज नव्हती, हे सांगायचं तेवढं राहून जातं.

हे लिहिणं नव्याने या वाटेला लागलेल्या आईबापांसाठी आहे. आमच्या घरातही असं एक मूल आहे, आणि आम्ही सिंधुदुर्गात समुद्राच्या कुशीत राहतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. सांगायचं आहे ते थोडक्यात हे : झोपेचं भांडण अंथरुणावर सुटत नाही. ते सकाळच्या उठण्याच्या वेळेपासून आणि तिन्हीसांजेपासून सोडवत आणावं लागतं. नऊला दिवा मालवून "डोळे मिट बघू" म्हणेपर्यंत त्या रात्रीचा निकाल बहुधा लागून गेलेला असतो.

आधी, हे मूल झोपत का नाही

अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांत ही वर्दी उशिरा पोचते. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजतात, पण त्याच्या अंगातलं घड्याळ अजून संध्याकाळच दाखवत असतं. त्यातून हातातली गोष्ट सोडून दुसरीकडे वळणं या मुलांना जड जातं, आणि झोपायचं म्हणजे तर हातातलं सगळंच सोडायचं. शिवाय दिवसभर बाहेरच्या गडबडीत अडकलेलं डोकं अंधारात मोकळं सापडतं, आणि तिथे विचारांचा बाजार भरतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दमलेलं साधं मूल पेंगतं. हे मूल दमलं की उधळतं. साडेआठला पलंगावरून उड्या, बहिणीच्या वेण्या ओढणं, उगाच मोठ्याने हसणं, हे पुष्कळदा थकव्याचंच लक्षण असतं. "अजून केवढा दम आहे बघ याच्यात" म्हणून आणखी अर्धा तास खेळायला सोडलं, की ती रात्र हातची गेली.

सवयी बदलून काही होतं का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ५ ते १२ वर्षांच्या, एडीएचडी आणि झोपेची तक्रार असलेल्या २४४ मुलांवर याचा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये छापून आला. त्यातल्या निम्म्या घरांना झोपेच्या सवयींबद्दल दोन भेटी आणि एक फोन एवढंच मार्गदर्शन दिलं होतं. त्या मुलांची झोप सुधारली, आणि दिवसाची चंचलताही थोडी उतरली. थोडीच, पण उतरली. म्हणजे झोप सुधारल्याने एडीएचडी जात नाही, मात्र त्याची धार कमी होते.

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं लिहा

काहीही बदलायच्या आधी एक वही करा. रोज सकाळी चहा घेता घेता चार ओळी : अंथरुणात किती वाजता गेला, खरी झोप अंदाजे किती वाजता लागली, रात्री उठला का, सकाळी कसा उठला. शेजारी बारीकसारीक टिपा : संध्याकाळी चहा प्यायला का, औषध किती वाजता दिलं, लाइट गेली होती का, घोरत होता का, तोंड उघडं टाकून झोपला होता का, पाय झाडत होता का.

एकूण झोप किती हवी याचा ढोबळ हिशोब असा : ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास.

वही बहुतेक घरांत एकच गोष्ट उघडी पाडते. मुलाला नऊला झोपवतात, झोप लागते अकराला, आणि मधले दोन तास रोज ओरडा, रडारड, धपाटा यांत जातात. अंथरूण म्हणजे भांडणाची जागा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसत जातं. तो खरा अकराचा आकडा सांभाळून ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

दुसरी पायरी : सकाळ

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठवायची असते. म्हणून तिथून सुरुवात करायची. रोज एकच वेळ, रविवारीसुद्धा; फार तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. रात्री कितीही उशिरा झोपलेला असला तरी सकाळी त्याच वेळी हाक मारायची. पहिले दिवस जड जातात, तुम्हालाही.

उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात उजेड अंगावर पडला पाहिजे. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ पुढे ओढलं जातं आणि रात्रीची वर्दी लवकर येऊ लागते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यासाठी गच्ची शोधावी लागते. आपल्याकडे खळ्यात उतरलं की झालं. ब्रश खळ्यात करायचा, देवासाठी जास्वंदी काढायला त्यालाच धाडायचं, कोंबड्यांना दाणे टाकायला लावायचं. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलं तरी हा नेम मोडू नका. ढगाळ सकाळचा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. पाऊस कोसळत असेल तर पडवीत बसवून न्याहारी द्या.

शाळेची वेळही इथे मोजायला हवी. राज्य सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. या मुलांसाठी तो तासभर सोन्यासारखा आहे. तुमच्या शाळेची वेळ अजून सातची असेल तर पालकसभेत विषय काढायला हरकत नाही.

आणि एसटीतली डुलकी. तालुक्याच्या शाळेतून साडेपाचच्या गाडीने परतणारं मूल खिडकीला डोकं टेकून अर्धा-पाऊण तास गाढ झोपतं. कंडक्टरला गंमत वाटते, आपल्याला कीव येते, आणि रात्री त्याची किंमत मोजावी लागते. सोबत मोठं भावंड असेल तर त्याच्यावर जबाबदारी द्या : गप्पा मार, गाड्यांचे नंबर वाचायला लाव, पण झोपू देऊ नको. अगदी लहान वयाची मुलं सोडली तर तीननंतर झोप नको.

तिसरी पायरी : तिन्हीसांजा

जुन्या घरांत या वेळेचा एक क्रम असायचा. पाय धुऊन आत, तुळशीपाशी दिवा, शुभंकरोति, परवचा, मग जेवण. तो देवासाठी होता हे खरं, पण मुलाच्या शरीराला रोज त्याच वेळी तीच खूण मिळायची. ज्यांच्या घरात हे अजून चालतं त्यांनी सोडू नये; ज्यांच्यात नाही त्यांनी दुसरी एखादी खूण ठरवावी. दिवा लावायचं काम त्याच मुलाला द्या. हाताला काम असलं की ही मुलं त्या वेळेपुरती बांधली जातात.

दमवायचं असेल ते त्याआधी. पुळणीवर धावू दे, बंदरावर सायकल फिरवू दे, क्रिकेट खेळू दे. सूर्य बुडाला की मैदान बंद. जूनमध्ये सूर्यच सातनंतर मावळतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत ही रेघ घड्याळाने ठरवावी लागते, उजेडाने नव्हे.

चहाबद्दल बोलल्याशिवाय कोकणात झोपेचं बोलणं पुरं होत नाही. आपल्याकडे मूल चालायला लागलं की त्याच्या हातात चहात बुडवलेलं बटर येतं. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही थोडाफार जागाच असतो. दुपारी तीननंतर चहा, कॉफी आणि कोलाच्या बाटल्या बंद. लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत चालेल. सोलकढीला तर कुणाचीच हरकत नसावी.

जेवण साडेसात-आठपर्यंत. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेणाऱ्या मुलांची दिवसाची भूक मरते आणि औषध उतरलं की रात्री उसळून येते. म्हणून साडेनवाला "आई, भूक लागली" म्हणतं ते नाटक नसतं. नऊच्या सुमाराला वाटीभर गुरगुट्या भात-तूप किंवा एखादं केळं द्यायचं ठरवूनच टाका. मग अंथरुणातून उठायला एक कारण कमी.

आता अवघड भाग : माजघरातला टीव्ही. आठ ते दहा मालिका, मध्ये बातम्या, आणि आवाज आजोबांना ऐकू येईल एवढा. एकत्र घरात सून उठून टीव्ही बंद करू शकत नाही, हे ज्यांनी अशी घरं पाहिली नाहीत अशा तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे उपयोगी पडलं ते असं. टीव्हीचा विषय काढलाच नाही. आजीला काम दिलं. "आई, पावणेनऊला याच्या पायांना तेल तुमच्याच हाताने लावायला हवं, माझ्या हाताने तो गप्प राहत नाही." हे खरंही होतं. आजीची एक मालिका गेली आणि नातू आला. आजोबांना कानाला लावायचे हेडफोन घेऊन दिले, त्यावर ते आधी नाराज होते, आता देत नाहीत. तुमच्या घरात वेगळी युक्ती लागेल, पण मोठ्या माणसाला नियम सांगण्यापेक्षा काम सांगितलेलं पचतं.

मोबाइल झोपायच्या निदान तासभर आधी बाजूला. उजेडाने मेलाटोनिन दबतं हे एक कारण, पण या मुलांच्या बाबतीत त्याहून मोठं कारण म्हणजे खेळ किंवा रील मध्येच सोडवत नाही. "पाच मिनिटांत बंद कर" याला अर्थ नाही. पाच मिनिटं म्हणजे किती, हा अंदाजच यांना कमी असतो. "ही एक संपली की फोन फळीवर" असं शेवट दिसणारं सांगा. झोपायच्या खोलीतली पांढरी फटफटीत ट्यूब संध्याकाळनंतर लावू नका, पिवळा कमी वॉटचा दिवा लावा. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

चौथी पायरी : शेवटचा तास

इथे क्रम महत्त्वाचा, आणि तो तोंडी सांगून चालत नाही. "दात घास, शू करून ये, कपडे बदल आणि झोप" ही चार कामं एका दमात सांगितली की मूल पहिलं करतं आणि दुसऱ्याच्या वाटेवर मांजराशी खेळत बसतं. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, त्यावर पाच चित्रं काढा, त्याच्याच हाताने : अंघोळीची बादली, दातांचा ब्रश, तेलाची बाटली, पुस्तक, चंद्र. दोरीने न्हाणीघराच्या दाराशी टांगा. झालेल्या कामावर कपडे वाळत घालायचा चिमटा सरकवायचा. आईच्या तोंडून दहादा निघणारं "पुढे काय?" आता पुठ्ठा विचारतो, आणि पुठ्ठ्याशी भांडता येत नाही.

अंघोळ कोमट पाण्याने, झोपायच्या तासभर आधी. गरम पाण्याने कातडीकडे रक्त येतं, नंतर अंगातली उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून थंड होऊ लागतं. झोप लागायला हे उतरणं हवं असतं. एप्रिल-मेच्या दमट हवेत, घाम वाळतच नाही अशा रात्री, याचा फरक चांगला जाणवतो.

गोष्ट सांगा, पण भुताची नको. कोकणात हे सांगणं कठीण आहे, कारण प्रत्येक वळणावरच्या वडाला आणि प्रत्येक साकवाला आपलं भूत आहे, आणि काकांना ती सगळी पाठ असतात. ती दुपारी सांगू दे. रात्री तीच ती, ऐकून ऐकून झिजलेली, पुढे काय होणार हे ठाऊक असलेली गोष्ट बरी.

पाचवी पायरी : अंथरूण

आता वहीतला अकराचा आकडा काढा. मूल खरोखर अकराला झोपत असेल तर काही रात्री त्याला अकरालाच आडवं करा, आधी नको. तोपर्यंत मंद दिव्यात शांत काहीतरी : चित्र रंगवणं, शेंगा सोलणं, पत्ते लावणं. सकाळची वेळ मात्र तीच. आडवं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागू लागली की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. दोन-तीन रात्री तिथे स्थिरावू द्या, मग आणखी पंधरा मिनिटं. असं करत साडेनवापर्यंत येता येतं. घाई केली तर परत पहिल्यापासून.

यावर घरात बोलणी बसतील, "पोराला अकरापर्यंत जागवते". बसू देत. पडून तळमळण्यापेक्षा पडल्या पडल्या झोप लागण्याची सवय जास्त मोलाची. एकच अट : मुलाला फिट्सचा त्रास असेल तर झोप थोडी कमी होणंही धोक्याचं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

मग सुरू होतात फेऱ्या. पाणी हवं. शू आली. पोटात दुखतंय. उशी गरम झाली. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी, अंधारातून, अगदी गंभीर आवाजात : "आई, डॉल्फिन पाण्यात झोपतात, मग बुडत कसे नाहीत?"

फेऱ्यांवर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञांनी एक साधा उपाय मांडला : मुलाला रोज रात्री एक पास द्यायचा. त्यावर एकदाच उठता येईल, कामही लगेच केलं जाईल, पण मग पास जमा. आमच्या घरात पत्त्यांच्या कॅटातला जोकर हा पास आहे. उशीखाली जोकर ठेवून तो झोपतो. गंमत अशी की पास हातात असला की मूल तो जपून ठेवायला बघतं. सकाळी जोकर वापरलेला नसेल तर छोटंसं काही बक्षीस : पेज कोणत्या वाडग्यात घ्यायची ते त्याने ठरवायचं, असलंच काही. दूरचं बक्षीस, "महिनाभर नीट झोपलास तर सायकल", या मुलांना पोचत नाही. सकाळचं सकाळी.

जोकर संपल्यावर आलाच, तर हात धरून परत अंथरुणावर. बोलायचं नाही, रागवायचं नाही, चेहरा कंटाळवाणा ठेवायचा. रागावणं हीसुद्धा करमणूकच असते.

प्रश्नांसाठी उशाशी लहान वही आणि पेन्सिल. प्रश्न तुम्ही लिहून घ्यायचा आणि म्हणायचं, "लिहिला. उद्या सकाळी." आणि सकाळी उत्तर खरोखर द्यायचं, नाहीतर वहीवरचा विश्वास उडेल. (डॉल्फिनचा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहून श्वास घ्यायला वर आणतो. हे उत्तर रात्री दिलंत तर पुढचे वीस प्रश्न तयार असतात.)

चुळबुळ्या मुलाला "हलू नकोस" म्हणणं व्यर्थ. त्याच्या अंगाला काहीतरी दाब हवा असतो. खोबरेल तेलाने तळपाय आणि पोटऱ्या हळू पण घट्ट चोळा. भिंतीकडेला अंथरूण घाला म्हणजे पाठ टेकायला आधार मिळतो. छातीशी धरायला जुन्या लुगड्याची घडी चालते.

आपल्या हवेचं थोडं वेगळं बघावं लागतं. पावसाळ्यात पत्र्यावरचा एकसुरी पाऊस झोपेला चांगला. तो थांबला की अचानक शांतता आणि बेडकांचा ओरडा, त्यात मूल दचकून उठतं. पंख्याची घरघर रात्रभर चालू असली तर हे चढउतार झाकले जातात. पण लाइट जाते तेव्हा पंखाही जातो. बॅटरीवर चालणारा लहान पंखा उशाशी ठेवलात तर तुमचीही रात्र वाचेल. मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. डासांसाठी तर आहेच, पण खाली जमिनीवर झोपणाऱ्या घरांत मण्यारीसारख्या रात्री फिरणाऱ्या सापांपासूनही तिच्यामुळे बचाव होतो. ही मुलं रात्री उठली की न बघता सुटतात, म्हणून न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा, मुलाच्या हाताशी टॉर्च, आणि दाराला वरची कडी. पावसात अनवाणी पडवी ओलांडून जाणं आणि पायाखाली फुरसं येणं यांत फार अंतर नसतं. परसात कठडा नसलेली विहीर असेल तर तिची सोय आधी, बाकीचा लेख नंतर वाचा.

गणपती, शिमगा आणि दहीकाला

बसवलेली घडी विस्कटायला हे तिन्ही पुरेसे आहेत. घर चाकरमान्यांनी भरलेलं, रात्री एकपर्यंत भजनं आणि फुगड्या, माजघरात ओळीने पंधरा माणसं झोपलेली. शिमग्याला पालखी येते ती तिच्या वेळेने. दहीकाल्याचा, म्हणजे गावच्या जत्रेतला, दशावतार नाटकाचा खेळ तर उभा राहतो तोच मध्यरात्रीच्या सुमाराला आणि चालतो पहाटेपर्यंत. मुलाला यातून वगळू नका. वर्षभर ज्याला "गप्प बस" ऐकावं लागतं, त्याला इथे नाचायला मिळतं.

फक्त तीन गोष्टी पाळा. जागरणाच्या आधी त्याच दुपारी जेवल्यावर झोप काढू द्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेपेक्षा फार तर तासभर उशिरा उठवा, आणि गरज वाटली तर दुपारी लवकर अर्ध्या तासाची डुलकी. पाहुण्यांच्या गर्दीतही त्याचा कोपरा, त्याची उशी, जोकर आणि पुठ्ठा जागच्या जागी राहू द्या. चुलत भावंडांना जोकर हवा झाला तर त्यांनाही एकेक पत्ता द्या.

शाळा सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधीपासून पंधरा-पंधरा मिनिटांनी परत फिरा.

काय देऊ नये

जायफळ. परसात झाड असतं, आजी उगाळून देते, वर्षानुवर्षं चालत आलंय. दुधावर चिमूटभर भुरभुरलं तर काही बिघडत नाही, पण झोपेचं औषध म्हणून मात्रा वाढवत नेऊ नका. जास्त जायफळाने छातीत धडधड, ओकाऱ्या, भास होण्यापर्यंत मजल जाते.

सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी देणं तर साफ चूक. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी आणखी उधळतात.

मेलाटोनिनच्या गोड गोळ्या हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. मेलाटोनिनचा उपयोग होतो, डॉक्टर काही मुलांना ते लिहूनही देतात. पण ते आधीच्या सगळ्या पायऱ्या करून झाल्यावर, आणि मात्रा व वेळ त्यांनी ठरवून. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा २५ प्रकारच्या गमींची (चघळायच्या गोड गोळ्यांची) तपासणी झाली तेव्हा २२ डब्यांवरचा आकडा आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं. एकात तर लिहिल्याच्या साडेतीन पटींच्या जवळपास होतं.

वजनदार पांघरुणांचीही जाहिरात जोरात आहे. पुरावा कच्चा आहे, आणि आपल्या घामट हवेत त्याखाली कोण झोपणार?

डॉक्टरांकडे केव्हा, आणि काय घेऊन

सगळं नेटाने महिनाभर करूनही फरक नसेल तर जाच. पण काही गोष्टींसाठी महिना थांबू नका. रोज घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं, तोंडाने श्वास : टॉन्सिल किंवा नाकामागच्या अॅडिनॉइड गाठी वाढल्या असतील तर रात्रभर झोप तुटत राहते आणि दिवसा मूल एडीएचडीसारखंच वागतं. "पायात मुंग्या, किडे फिरतात" म्हणत पाय झाडणं : यामागे लोहाची कमतरता असू शकते. रक्तात नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी निघू शकतं. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नका.

औषधाची वेळ हा वेगळाच विषय. मेथिलफेनिडेटची साधी गोळी साधारण चार तास टिकते, लांब चालणारी आठ ते बारा. शाळा साडेदहाची म्हणून लांब चालणारी गोळी दहाला दिली, तर ती रात्रीपर्यंत रेंगाळते. उलट काही मुलांत औषध उतरतानाच्या तासाभरात चिडचिड आणि उधळणं वाढतं. दोन्हींवर तोडगा असतो, गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून. तो डॉक्टरांनी काढायचा. हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि लहान गावच्या मेडिकलमध्ये अनेकदा ठेवलेलंही नसतं. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी पुढची सोय बघा.

जायचं कुठे? शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवतं. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, तेव्हा पथक येईल त्या दिवशी शाळेत जाऊन झोपेचंही सांगा. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथे जिल्हा रुग्णालयं आहेत. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्याचं नाव काढलं की नातेवाइकांच्या भुवया चढतात, चढू देत. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री एकला, मूल जागं आणि आपला तोल सुटत चाललाय असं वाटलं, तर आईबापांनी स्वतःसाठीही तो फिरवावा.

जाताना ती वही न्या. घोरत असेल किंवा पाय झाडत असेल तर मोबाइलवर मिनिटभराचं चित्रण करून ठेवा, कारण तपासणीच्या खोलीत मूल हमखास शहाण्यासारखं बसतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, आजीचा काढा धरून, एका पिशवीत घाला. आणि परतीची एसटी संध्याकाळची असेल तर खिडकीची जागा तुम्ही घ्या, मुलाला आतल्या बाजूला बसवा, म्हणजे डोकं टेकायला काच मिळणार नाही.